म्हापशाचे आम्ही, मूळचे कुठले? वंशावळीच्या साइटचा अकरा महिन्यांचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो: पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत, पण ज्यासाठी भरले ते हाती लागलं भलतीकडेच. साइटचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या धंद्यातल्या साइटी थोड्याफार फरकाने सारख्याच, आणि माझं भांडण कुणा एकीशी नाही.

आम्ही चर्मकार. म्हापशाच्या बाजारात आजोबांचं चपलांचं दुकान होतं, बाबांनी ते चालवलं आणि गुडघे गेल्यावर बंद केलं. घरात एवढंच माहीत की आपण ‘वरचे’, म्हणजे घाटावरचे. शाळेत कुणी ‘खंयचो रे तूं?’ विचारलं की मी म्हापसा सांगायचो. मग लगेच पुढचा प्रश्न, ‘तें न्हय रे, मूळचो खंयचो?’ तिथे माझी बोलती बंद. पुरावे म्हणावेत तर दोनच. कुलदैवत जोतिबा, आणि आजी चपलेला मरेपर्यंत ‘पायताण’ म्हणायची, गल्लीत सगळे ‘व्हाणो’ म्हणत असताना.

2025 च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला. बाबा टीव्हीसमोर बसून नुसते त्या चपलांची शिवण बघत होते. त्याच वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी वर्षाची वर्गणी भरली, नऊ हजारांच्या आसपास.

पहिला महिना साइटने मला इंग्लंडात फिरवलं. व्यवसायाच्या रकान्यात बूट-चपला बनवणारे असं लिहिलं होतं, त्यामुळे ‘हे तुमचे नातलग असू शकतात’ म्हणून जे मेल यायचे त्यात बुटांच्या कारखान्यांच्या नॉर्थॅम्प्टन गावचेच लोक जास्त. आधी वैताग आला. मग एका रविवारी ते कागद उघडून बसलो आणि जेवायचं भान राहिलं नाही. तिकडे 1841 पासून दर दहा वर्षांनी झालेली जनगणना माणसांच्या नावानिशी वाचायला मिळते. नुसतं ‘मोची’ लिहून मोकळे होत नाहीत. वरचं कातडं कापणारा तो क्लिकर, कापलेले तुकडे जोडून शिवणारा तो क्लोजर, प्रत्येक हाताला वेगळं नाव. पहिल्या महायुद्धात या गावाने सैन्याला बूट पुरवले. आता बहुतेक कारखाने गेले, काही इमारतींत फ्लॅट झाले, हातावर मोजण्याइतके चालू आहेत. फुटबॉल संघाला मात्र अजून ‘कॉब्लर्स’च म्हणतात. कारखाना गेला तरी कोण कुठल्या गल्लीत राहून काय कापत होता हे उरलंय. त्यांचे 1931 चे कागद 1942 मध्ये आगीत जळाले, त्याबद्दल तिकडची मंडळी आजही हळहळतात. आपल्याकडे 1948 च्या कायद्याने जनगणनेचा घरोघरचा तपशील कुणालाच पाहता येत नाही. हळहळायला जळकं पानसुद्धा नाही.

थुंकीची डीएनए चाचणीही करून घेतली, सवलत होती म्हणून. ‘दक्षिण आशिया’ असा निकाल आला. पुढे जातो.

खरा माल निघाला माळ्यावरच्या ट्रंकेत. फोनच्या ॲपमध्ये जुने कागद स्कॅन करून चढवायची सोय आहे. ती वापरायची म्हणून ट्रंक खाली काढली, तर तळाशी आजोबांची मापांची वही. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, 1947 ते 1963. गिऱ्हाइकाचा पाय पानावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेली. टाचेपाशी रेघ जाड, बोटांपाशी थरथरलेली, कारण तिथे लोकांना गुदगुल्या होत. आत खुणा: ‘डावा मोठा’, ‘करंगळी दुखते’, ‘चवडा रुंद’. खाली ‘पाद्री, शिरसई’, ‘भाटकार (म्हणजे जमीनदार), आसगाव’. नाव क्वचित, कारण नाव लिहायची गरजच नव्हती. आजोबा माणूस पायावरून ओळखायचे. बाजूला ऑर्डर: ‘कापशी 2 जोड’, ‘पुकरी 1’, ‘कापशी, कान नको’. वही या ‘कापशी’ने भरलेली आहे. कोल्हापुरीतला तो एक प्रकार, आमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपायचा. मी सगळी पानं चढवली आणि ‘कापशी’ हा शब्द माल म्हणून वाचून पुढे गेलो.

ॲपची एक गंमत. फोटोतले चेहरे ते आपोआप ओळखतं. सतराव्या पानावरच्या टाचेभोवती त्याने चौकोन काढला आणि विचारलं, ‘ही व्यक्ती कोण?’

1955 च्या पावसाळ्यानंतर वहीचा सूर बदलतो. ‘वरून चामडे नाही’, ‘तळ टायरचा’, ‘पट्टा जुनाच लावला’. पोर्तुगीजांविरुद्ध सरहद्दीवरच्या पत्रादेवीला झालेल्या सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली आणि गोवा मुक्त होईपर्यंत घाटावर सहज जाणं-येणं राहिलं नाही. आमच्या घरच्यांची जोतिबाची वारी तेव्हाच तुटली असणार. 1961 नंतर रस्ता उघडला, पण तोवर ज्याच्याकडे उतरायचं तो माणूसच राहिला नसेल. बाबांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘टायरच्या तळाला खिळे लागायचे. माझी बोटं बघ.’

पोर्तुगीज कागदांबद्दल मात्र मी तक्रार करणार नाही. गोव्यात 1914 पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे, हिंदूंचीसुद्धा, आणि जन्माच्या नोंदीत आई-बापाबरोबर दोन्हीकडचे आजी-आजोबा लिहिलेले असतात. एका कागदात तीन पिढ्या. बाबांच्या 1949 च्या जन्मनोंदीची नक्कल काढायला मला एका कार्यालयात चार फेऱ्या पडल्या. पहिल्या तीन वेळा रजिस्टर ‘बांधणीला गेलंय’ हेच उत्तर, आणि चौथ्या वेळी ते टेबलावरच होतं, चहाच्या कपाखाली.

साइटने ते हस्ताक्षर वाचून बऱ्यापैकी भाषांतर केलं हे कबूल करतो. व्यवसाय ‘सापातेइरु’, म्हणजे मोची, हे बरोबर काढलं. नावांवर मात्र आपटली. जुन्या पोर्तुगीज लिखाणात आपला ‘श’ एक्स अक्षराने लिहितात. शंकर, शांताराम, केशव शोधायचे असतील तर त्या एक्सने शोधा, नाहीतर जन्मभर ‘काही सापडले नाही’ वाचत बसाल. मला हे कळायला सात महिने लागले. मदत-केंद्राला विचारलं तर ‘स्पेलिंग तपासून पाहा’ असं उत्तर आलं, जणू आम्ही पणजोबांचं नाव चुकवतोय.

त्याच कागदावर पणजोबांच्या नावापुढे ‘राहणार मूळचे’ म्हणून एक गाव होतं. साइटने वाचलं ‘काप्क्सिम’, नकाशावर खूण केली अंगोलात. मी गोव्यातल्या बारदेश आणि पेडणे तालुक्यांतले वाडे धुंडाळले. शेवटी आमच्या जवळच राहणाऱ्या, पोर्तुगीज शिकवून निवृत्त झालेल्या बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांशी धरला आणि मलाच विचारलं, ‘साखळीला पोर्तुगीज काय म्हणत?’

‘सांकेलीम.’

‘आणि डिचोलीला?’

‘बिचोलीम.’

‘मग शेवटचा तो नाकातला म काढून टाक. एक्सचा श कर. आता वाच.’

काप्शी. कापशी! वहीच्या दर पानावर लिहिलेली, मी दीडशेदा वाचलेली, मालाचं नाव म्हणून सोडून दिलेली. सेनापती कापशी, तालुका कागल. चपलेला गावाचंच नाव पडलंय, हे चपलेच्या दुकानात वाढलेल्या माणसाला माहीत नव्हतं याची लाज वाटली. बाबांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, ‘ते गाव आहे ते ठाऊक होतं. आपलं आहे ते नव्हतं.’

मार्चमध्ये आंबोली चढून आजरा, उत्तूर करत गेलो. कापशी ही पूर्वी सेनापती घोरपड्यांची जहागीर, कोल्हापूर संस्थानातली. मी आधी साइटवर आणि इतरत्र ‘कापशी चप्पल कारखाना’ अशा नोंदी शोधून थकलो होतो. तिथे एक म्हातारे काका भेटले, त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘कारखाना हुता की! चला दावतो.’ माझ्या डोळ्यांसमोर नॉर्थॅम्प्टनच्या विटांच्या इमारती. काकांनी दाखवली एक लांब पडवी, अर्धी पडलेली. दहा-अकरा माणसं मांडीला मांडी लावून बसायची, कुणी तळ कापायचा, कुणी वेणी वळायचा, बायका शिवायच्या, आणि याला म्हणायचं कारखाना. अशा कारखान्याचा ना परवाना, ना हजेरीपट, ना फोटो. सापडणार काय?

पडवीमागे दगडी काठाचा हौद होता, आता गवत आणि फुटकी बादली. कातडं कमवायचं काम ढोर समाजाचं, चपला शिवायचं चांभारांचं, ही वाटणी काकांनी आवर्जून सांगितली. आधी चुन्यात भिजवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी. म्हशीचं कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं, आत ते पाणी भरायचं, थेंब थेंब झिरपत राही आणि कातडं आतून पिकत जाई. ‘वास यायचा?’ मी विचारलं. ‘वासावरनं कळायचं की पिकलं,’ काका म्हणाले. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. काकांची मुलं पुण्यात आहेत, एक गाडी चालवतो, दुसरा मॉलमध्ये.

हेळव्यांबद्दल मला तिथेच नीट कळलं. बैलावर पसारा लादून गावोगाव फिरणारे, घराण्यांच्या पिढ्या वहीत ठेवणारे आणि दारात उभं राहून धडाधड म्हणून दाखवणारे. वर्गणी धान्यात. माझ्या साइटपेक्षा शोध जलद आणि स्पेलिंगची भानगड नाही. काकांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या भावकीचा हेळवी बऱ्याच वर्षांत फिरकला नाही, पण कर्नाटकातल्या त्याच्या गावाचं नाव त्यांनी दिलंय.

एक धागा तुटकाच राहिला. पणजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला ‘पीरभायच्या बुटात’ होते, असं आजी सांगायची. सर आदमजी पीरभॉय यांचा शीव-धारावीकडे कातड्याचा आणि लष्करी बुटांचा मोठा कारखाना होता. मालक साइटवर एका मिनिटात सापडले: 1897 मध्ये मुंबईचे शेरीफ, 1907 मध्ये ‘सर’, माथेरानची गाडी त्यांच्याच घराण्याची. बूट शिवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला कुठे दिसलं नाही. धारावीच्या रस्त्यावर अजून चामड्याच्या पिशव्यांची दुकानं आहेत, तिथून एक पट्टा घेऊन आलो.

साइटच्या झाडाबद्दल राहिलंच. आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतं हे तिच्या गावीही नाही. आजीचं माहेरचं नाव जन्मनोंदीत, सासरचं मृत्युनोंदीत, त्यामुळे झाडावर आजोबांना दोन बायका झाल्या. एक काढायला गेलो तर मुलंही गेली. परत घालायला अख्खा आठवडा. जन्मतारीख नसेल तर चौकट पूर्ण होत नाही, मग लोक 1 जून टाकतात, शाळेत टाकायचे तसं. देवनागरीत नाव लिहिता येतं पण शोधता येत नाही. कागद साठवायला, पोर्तुगीज अक्षर लावायला आणि दुबईतल्या चुलत भावाला दाखवायला साइट चांगली. मोडी तिला अजिबात येत नाही.

आणि पुढचं सगळं मोडीतच आहे. कापशीच्या कोतवाल बुकाच्या, म्हणजे गाव नमुना 14 च्या, काही पानांच्या नकला मिळाल्यात. जन्म, मृत्यू, बापाचं नाव, जात. कुणबी नोंदींच्या शोधानंतर मोडी वाचणाऱ्यांना मोकळा वेळ राहिलेला नाही. आमचे मास्तर पानाला दोनशे घेतात आणि महिन्याला पाचच पानं देतात. आतापर्यंतच्या अकरा पानांत आमचं कुणी नाही. बाराव्यात एक नोंद आहे, बापाचं नाव जुळतं, पोराचं अक्षर शाईने खाल्लंय.

वर्गणी पुढच्या महिन्यात आपोआप कापली जाणार होती, काल ती थांबवली. थांबवायचं बटण सापडायला वीस मिनिटं लागली. पाचपैकी दोन तारे. त्या नऊ हजारांत पंचेचाळीस पानं होतात. बाबा रोज सकाळी विचारतात, ‘मास्तरांचा फोन आला का?’