ह्यूगोचं मतदार सभासदत्व: सव्वाचार हजारात नक्की काय मिळालं

कार्ड तिसऱ्यांदा डिक्लाइन झालं तेव्हा काका म्हणाले, "अरे एवढ्या पैशात अप्पा बळवंतला पोतंभर पुस्तकं येतील." बरोबरच होतं त्यांचं. 50 डॉलर म्हणजे तेव्हाचे सव्वाचार हजार, वर बँकेचा कट वेगळा (बँकेचं नाव घेत नाही, पण इंटरनॅशनल पेमेंट चालू करायला ॲपमध्ये तीन वेळा तोच स्विच दाबायला लावतात). पण एकदा हौस करायचीच होती, म्हणून 2025 च्या सिॲटल वर्ल्डकॉनचं (विज्ञानकथा-फँटसीच्या चाहत्यांचं दरवर्षीचं जागतिक संमेलन) सभासदत्व घेतलं. अमेरिकेला जायचं नाही, घरात बसून तिथल्या ह्यूगो अवॉर्डला, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीच्या पुरस्काराला, मत द्यायचं, एवढंच. आमच्या कोथरूडच्या टोळक्यात चौघं जण, पैकी मी आणि काकांनी घेतलं. चौघांत मिळून एकच घेऊ असा पुणेरी प्रस्ताव आला होता पण तसं चालत नाही, एक माणूस एक मत, आणि सोबत जे वाचायला मिळतं तेही फॉरवर्ड करायचं नसतं. बाकीच्या दोघांनी मग विकत, उसनं, जमेल तसं वाचलं.

त्या वाचायला मिळणाऱ्या गठ्ठ्याला पॅकेट म्हणतात. लोक त्यासाठीच पैसे भरतात, पण सरसकट सगळी पुस्तकं फुकट मिळतील असं धरून चालू नका. तो प्रकाशकांच्या मर्जीचा मामला आहे, कोणी अख्खी कादंबरी देतं, कोणी नुसता उतारा देऊन बोळवण करतं. आणि लघुकथांसाठी तर पैसे भरायची गरजच नाही, बऱ्याचशा ऑनलाइन मासिकांत आधीच उघड्यावर असतात. म्हणजे नुसता पुस्तकांचा हिशोब केला तर काका जिंकले.

पण मतपत्रिका! हे प्रकरण भारी आहे. एकाला टिक मारून मोकळं व्हायचं नाही, प्रत्येक विभागातल्या सहाच्या सहा नामांकनांना पसंतीक्रम देता येतो. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात, आपल्याकडे विधान परिषदेला असतं साधारण तसंच. आणि सातवा पर्याय 'नो अवॉर्ड', म्हणजे आपला नोटा, फरक एवढाच की हा नोटा खरंच जिंकतो. 2015 साली गटबाजी करून नामांकनं भरली गेली तेव्हा मतदारांनी चिडून पाच विभागांत कोणालाच बक्षीस दिलं नाही. काकांना हे इतकं आवडलं की पुढचे दोन रविवार त्यांनी महापालिकेपासून सोसायटीच्या कमिटीपर्यंत सगळीकडे हे कसं लागू करता येईल तेच सांगितलं.

क्रम लावायचा म्हणजे नावडतं पुस्तकही निदान पन्नास पानं वाचावं लागतं, आणि का नावडलं ते टेबलावर सांगावं लागतं. कादंबरी विभागात एड्रियन चायकोव्स्कीच्या दोन कादंबऱ्या एकाच यादीत होत्या, एलियन क्ले आणि सर्व्हिस मॉडेल. काका म्हणाले, हे म्हणजे एका वॉर्डात एकाच घरातले दोन उमेदवार. पण सर्व्हिस मॉडेलमधला तो नोकर रोबॉट, मालकाची दाढी करताना गळा चिरला जातो आणि ह्याला आधी काळजी कसली तर कपड्यांना लागलेल्या डागांची, ते वाचल्यावर काका गप्पच झाले. म्हणाले, आमच्या बँकेत असे दोघं होते. यादीतल्याच द टेंटेड कप ह्या कादंबरीवरून तर खरी भांडणं झाली. माणसाच्या शरीरातून झाड उगवून खून, त्यावर बसल्या जागी तपास करणारी बाई, मस्त आहे, पण ह्यात सायन्स कुठंय? ह्यूगोला फँटसीही चालते असं नियम दाखवून सांगितलं तरी काकांनी ती चौथ्या नंबरवर टाकली ती टाकलीच.

ह्या सगळ्या वाचनाच्या हंगामात, 20 मे ला, नारळीकर गेले. त्या रविवारी नामांकनांचा विषयच निघाला नाही. काका नारळीकरांच्या जुन्या कथा पिशवीत घालून आले होते, आणि मग 1974 चा तो किस्सा निघाला, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला सरांनी नारायण विनायक जगताप ह्या नावानं कथा पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली, आणि पहिला नंबर आला. ज. वि. ना. उलटं करून ना. वि. ज.! काकांचं म्हणणं, स्पर्धा अशी पाहिजे, नावच झाकलेलं. टोळक्यातली मैत्रीण म्हणाली, अहो काका पण तिथं परीक्षक मोजके, इथं हजारो वाचक मत देतात, नाव कसं झाकणार? दोन्ही पटलं मला. आणि हेही वाटलं की मराठीत विज्ञानकथेला अशी वाचकांनी क्रम लावून द्यायची मतपत्रिका असती तर आम्ही चौघांनी रांग लावली असती, फुकट असती तर आठांनी.

विश्वासाचं म्हणाल तर डाग आहेतच. 2023 ला चीनमधल्या चेंगडूच्या वर्ल्डकॉनमध्ये काही नामांकनं कारण न देता अपात्र ठरवली, ते जानेवारी 2024 ला आकडे बाहेर आल्यावर कळलं. त्यानंतर 2024 चं वर्ल्डकॉन भरवणाऱ्या ग्लासगोवाल्यांनी 377 मतं बोगस म्हणून बाद केली आणि निकालाआधीच तसं जाहीरही केलं, ते मला आवडलं.

निकाल तिकडं 16 ऑगस्टच्या रात्री, म्हणजे आपल्याकडं रविवार सकाळ. पोहे होते. द टेंटेड कप जिंकली, काकांची चौथी, माझी पहिली. काकांनी पोह्यावर लिंबू पिळलं, म्हणाले चौथ्या नंबराचंही मत कुठंतरी पोचतं ना रे, आणि मग लगेच, पुढच्या वर्षीचं कधी सुरू होतंय, ह्या वेळी माझं कार्ड आधीच चालू करून ठेवतो.

पाचपैकी साडेतीन. पॅकेटचा दीड, भांडणांचे दोन.