ग्रेको की जेव्ही? जुनी जपानी गिटार पारखताना

जुनी जपानी इलेक्ट्रिक घ्यायचं मनात आलं की बहुतेकांची निवड शेवटी दोन नावांवर येते. एक म्हणजे सत्तरीच्या उत्तरार्धातली, गिब्सनच्या लेस पॉल या मॉडेलच्या घाटाची ग्रेको ईजी. दुसरी १९८२ ते १९८४मधली जेव्ही अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाची फेंडर किंवा स्क्वायर (फेंडरचाच दुसरा ब्रँड) स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर. अनुक्रमांक असलेल्या ईजी आणि जेव्ही, दोन्ही नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोच्या फुजिगेन गाक्की कारखान्यातल्या. विकणारं घरही बरंचसं एकच. ग्रेको हा कान्दा शोकाईचा ब्रँड, आणि १९८२मध्ये फेंडर जपान उभी राहिली तीही कान्दा शोकाई आणि यामानो गाक्की यांना भागीदार घेऊनच. त्या करारानंतर ग्रेकोच्या फेंडर-नकला बंद झाल्या.

तारांचा आवाज टिपणारा पिकअप हंबकर (दुहेरी वेटोळ्याचा) हवा की सिंगल कॉइल, हे तुमचं तुम्हाला ठाऊक असणार, त्यात मी पडत नाही. समोरची गिटार खरंच कोणी आणि कधी बनवली, हे पैसे मोजायच्या आधी किती खात्रीने सांगता येतं, एवढंच इथे बघतोय. दोन्ही हाताळून, दोन्हींसाठी टोकियोतल्या ओचानोमिझू या वाद्यबाजाराची दुकानं पालथी घालून मी एक घेतली. कोणती ते पुढे कळेलच.

ग्रेकोचं गणित सोपं आहे. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, पाठीवर एक अक्षर आणि त्यापुढे आकडे. अक्षर महिन्याचं: ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. पुढचे दोन आकडे सालाचे, उरलेले अनुक्रमाचे. ‘सी७९’ने सुरुवात झाली तर मार्च १९७९. त्या काळातल्या आयबानेझ या दुसऱ्या जपानी ब्रँडच्या गिटारींवरही हीच पद्धत दिसते, कारण कारखाना तोच. लॅकर पिवळं पडलं असेल तर आकडा चटकन दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च हेडस्टॉकला जवळपास टेकवून आडवा धरा, उजेड घासत गेला की कडा उठून दिसतात. १९७५च्या आधीच्या गिटारींवर मात्र सहसा आकडाच नसतो, तिथे पिकअप आणि जोडकामावरून अंदाज बांधावा लागतो.

साल कळण्याला महत्त्व आहे ते लाकडामुळे. सत्तरीच्या मध्यातल्या काही स्वस्त ईजींचा वरचा थर प्लायवूडचा आणि आतून पोकळ निघतो. पुढे काम सुधारत गेलं, आणि १९७९-८०च्या सुमाराची चांगली ईजी हातात घेतली की फरक वजनातच जाणवतो. दर्जा मॉडेलच्या नावावरूनही कळतो: ईजी-५०० म्हणजे तेव्हाची पन्नास हजार येनची, ईजी-७०० सत्तर हजारांची. हीच रीत फेंडर जपाननेही ठेवली, म्हणून एसटी६२-११५ ही एक लाख पंधरा हजारांची.

आता जेव्ही. कारागिरीत तिला नावं ठेवायला जागा नाही. गळ्याचा आकार, फ्रेटच्या कडा, जुन्या फेंडरची केलेली बारकाईची नक्कल, सगळं उत्तम. सुरुवातीच्या ज्या स्क्वायरवर ‘फेंडर’ मोठ्या अक्षरांत आणि ‘स्क्वायर सिरीज’ बारीक अक्षरांत आहे, त्यांच्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात, आणि ते मला पटतंही. जेव्ही म्हटलं की कारखाना पक्का, काळही या तीन वर्षांतला.

मग अडतं कुठे? आकडा लाकडावर नाही, गळा अंगाला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर आहे. चार स्क्रू काढले की ती पट्टी दुसऱ्या कुठल्याही स्ट्रॅटवर बसते. जेव्हीच्या सुट्या पट्ट्या लिलावात विकायला आलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या कोणाला कशासाठी हव्या असतील, हे सांगायला नको. शिवाय ही जुन्या धर्तीची मॉडेलं असल्यामुळे ट्रस रॉडचं, म्हणजे गळ्याचा बाक सुधारणाऱ्या आतल्या सळईचं, टोक गळ्याच्या बुडाशी आहे. गळा सरळ करायचा तरी तो सैल करावा किंवा काढावा लागतो. म्हणजे चाळीसेक वर्षांत प्रामाणिक दुरुस्तीतसुद्धा पट्टी कितीदा निघाली असेल, सांगता येत नाही.

खरी तारीख बहुधा आत असते, गळ्याच्या बुडावर शिक्क्याने किंवा पेन्सिलने. ती बघायची तर गळा काढायला हवा, आणि दुकानदार तो काढू देत नाहीत. एका दुकानात मी अगदी अदबीने विचारलं. तितक्याच अदबीने उत्तर आलं की विक्रीआधी स्क्रूला हात लावत नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण एवढी किंमत मागून आत बघायची सोय नसावी, हे मला पचलं नाही. माझा निर्णय तिथेच झाला.

स्क्रू नीट बघा मात्र. जपानी स्क्रू जेआयएस या जपानी मानकाच्या मापाचे असतात, आपल्याकडच्या नेहमीच्या फिलिप्स पेचकसने फिरवले की खाचा कुरतडल्या जातात. चारही डोकी कुरतडलेली दिसली तर पट्टी निघून बसलेली आहे हे नक्की. डोकी स्वच्छ असली तरी ती कधीच उघडली नाही असा अर्थ होत नाही, नीट पेचकस वापरणारेही असतात.

जाहिरातीत ‘लॉसूट’ (खटल्याच्या काळातली नक्कल) हा शब्द दिसला तर त्यावरून काहीच ठरवू नका. नॉर्लिन म्हणजे गिब्सनच्या मालक कंपनीने एल्गर या आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर फिलाडेल्फियात दावा लावला तो जून १९७७मध्ये, आणि तो हेडस्टॉकच्या आकारापुरता. आयबानेझने तो आकार त्याआधीच बदलला होता, आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं. ग्रेकोचं नाव त्यात नव्हतंच. आज प्रत्येक जुन्या जपानी नकलेला हे लेबल चिकटवतात, त्यातून ना कारखाना कळतो ना साल. ‘टाइस्को’ या जुन्या जपानी ब्रँडचं तसंच: साठीतली कुठलीही बिननावाची गिटार टाइस्को म्हणून विकायला ठेवतात. ‘स्टील ॲडजस्टेबल नेक’ लिहिलेली पट्टी बऱ्याचदा मात्सुमोकू या वेगळ्याच कारखान्याच्या गिटारवर सापडते, हे ध्यानात असू द्या.

पॉटवर (आवाजाच्या बटणाखालच्या भागावर) किंवा लाकडावर ‘५३’ असा सुटा आकडा दिसला तर तो १९५३ समजू नका. तो शोवा या जपानी सम्राटाच्या कालगणनेतल्या सालाचा असू शकतो. त्यात १९२५ मिळवले की १९७८ येतं.

माझा कौल ग्रेकोला, आणि घरी तीच आहे. ईजीचा गळा अंगाला चिकटवलेला, आकडा हेडस्टॉकच्या लाकडावर. दोन्हींची ताटातूट करायची तर करवतच लागेल. पिकअपच्या तळाशी ते बनवणाऱ्या मॅक्सनचे आकडे असले तर त्यांच्याशी साल पडताळूनही बघता येतं, आणि त्यासाठी चारच छोटे स्क्रू काढावे लागतात, तेवढं बहुतेक दुकानदार करू देतात. पण तुम्हाला स्ट्रॅटच हवी असेल तर ग्रेकोवर समाधान मानू नका, हेही तितकंच खरं. तेव्हा विकणाऱ्याकडे गळ्याच्या बुडाचा आणि तो बसतो त्या अंगातल्या खाचेचा फोटो मागा, दोन्ही एकाच चौकटीत, पट्टी शेजारी ठेवून. तो मिळाला आणि तारीख १९८२ ते १९८४मध्ये बसली तर जेव्ही खुशाल घ्या.