आयपीएफ की एचपी, फुफ्फुसाच्या या दोन आजारांत पुढचा रस्ता कोणाचा कसा

नागपुरात मार्च लागला की कूलरची खस बदलायची घाई सगळ्यांना, पण टाकीतली बुरशी कोण बघतं बाप्पा! २०१७ मध्ये छापलेल्या भारतातल्या रजिस्ट्रीत आयएलडीचे (फुफ्फुसाच्या आतल्या जाळीत सूज किंवा व्रण येणाऱ्या आजारांचा गट) १०८४ पेशंट होते, त्यातल्या सुमारे ४७ टक्क्यांना एचपी, म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (श्वासातून जाणाऱ्या बुरशी, पक्ष्यांच्या विष्ठा-पिसांच्या धुळीनं फुफ्फुसाला येणारी ॲलर्जीसारखी सूज), अन् एचपीवाल्यांतल्या जवळपास निम्म्यांचा कूलरशी संबंध. कबुतरांमुळे होणारा वेगळाच.

तर एचपीत कारण सापडलं, लवकर हटवलं आणि फुफ्फुसात व्रण पडले नसतील तर माणूस बऱ्यापैकी सावरतो, कधी स्टेरॉइड लागतात. व्रण पडले की मग हाही आयपीएफच्याच वाटेनं जाऊ शकतो.

आयपीएफचं (इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिस, फुफ्फुसात व्रण वाढत जाणारा आजार) मात्र कारणच सापडत नाही, बहुतेक साठीनंतरचा आजार, औषधाशिवाय निदानानंतर साधारण ३ ते ५ वर्षं धरतात, पण हा आकडा सगळ्यांना लागू नाही हो, कोणी वर्षानुवर्षं स्थिर राहतो तर कोणी अचानक भडका उडून काही आठवड्यांतच खालावतो. पिरफेनिडोन, निंटेडॅनिब ही औषधं घसरण मंद करतात, गेलेलं फुफ्फुस परत देत नाहीत.

दोन्हीत एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात किती हवा बाहेर सोडता येते ते माप) बघत राहायची, ६ महिन्यांत १० टक्के पडली तर लक्षण चांगलं नाही.