कोरडी थंडी की दमट उकाडा: त्वचेला जड काय?

थंड हवेत मुळात बाष्पच कमी मावतं. तीच हवा हीटरने तापवली की सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकेल त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेलं बाष्प, आणखी घसरते. मग त्वचेच्या वरच्या थरातलं पाणी उडतं, भेगा पडतात, खाज सुटते. एक्झिमा (इसब) असलेल्यांचे तर हालच. त्यात कढत पाण्याची आंघोळ उरलंसुरलं तेलही धुऊन नेते.

दमट उकाड्यात त्वचा मऊ राहते खरी, पण घाम वाळत नाही. घामाच्या नलिका तुंबून घामोळं येतं, जांघेत-काखेत बुरशी फोफावते.

मला थंडीच परवडते. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच जाडसर मलम चोळलं की भागतं. उकाड्यात तेच मलम घामोळं वाढवतं. सनस्क्रीन मात्र दोन्हीकडे हवं. थंडीतही, कारण ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो.