सांदण की नांदूरमधमेश्वर?

नाशिकहून एक सुट्टी हाताशी असेल तर हा प्रश्न हमखास पडतो.

सांदण दरी घोटी-भंडारदरामार्गे, अकोले तालुक्यातल्या साम्रदजवळ. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा परिसर. पाण्याने काळा बेसॉल्ट खडक कापून केलेली ही अरुंद घळ कोकणाकडे उतरते. आत ऊन जेमतेम पोहोचतं, त्यामुळे कातळावर शेवाळ आणि नेचे वाढतात. वरच्या उतारांवर कारवीची झुडपं आहेत. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, म्हणजे नशीब हवं. पावसाळ्यात मात्र आत पाऊल टाकू नका. वर कुठेतरी सर कोसळली की खाली लोंढा येतो आणि पळायला बाजूच नसते. हिवाळ्यातही वाटेत थंडगार पाण्याचे डोह लागतात, सुके कपडे न्याच.

निफाड तालुक्यातलं नांदूरमधमेश्वर अगदी उलट: सपाट, उघडं, गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साचून तयार झालेलं. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली, पाणथळ जागा. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाणपक्षी दिसतात. आजी-आजोबांनाही जमतं.

पक्षी मोजायचे तर नांदूर. मला विचाराल तर डिसेंबरात सांदण, गुडघे साथ देतात तोवर.