आईची सामानाची गाडी, आठ महिन्यांनंतर

आईने गाडी चालवणं सोडलं तेव्हा वाटलं होतं डॉक्टरकडे नेणं-आणणंच अवघड जाईल, पण ते कसंही जमतं हो, अडतं ते आठवड्याच्या सामानाचं. ऑनलाइन मागवून द्यायला लागले तर म्हणाली तुला काय कळतंय मला कुठलं हवंय ते, आणि खरंय, तारीख वाचल्याशिवाय ती डबासुद्धा उचलत नाही. म्हणून ज्येष्ठांसाठीची शेअर व्हॅन लावली. ठरलेला वार, आदल्या दिवशी फोन करून नाव द्यायचं, चार-पाच घरं घेत गाडी दुकानाला जाते.

पहिला महिना नुसता वैताग. दहाची वेळ म्हणजे पावणेदहा ते सव्वादहा कधीही, हे कोणी सांगितलंच नव्हतं, आई बाहेर उन्हात उभी आणि मी कामावरून फोनवर फोन करतेय. आता दाराशी खुर्ची टाकून बसते. घेणाऱ्यांनी एक आधी विचारून घ्या, गाडी घराच्या दारापर्यंत की नुसती रस्त्यापर्यंत? आमची रस्त्यापर्यंत निघाली, आणि रस्ता ते दार पिशव्या घेऊन चालायचं हेच तर मुळात होत नव्हतं ना तिला! ड्रायव्हर आता सामान आत आणून ठेवतो, पण तो त्याचा चांगुलपणा, नियमात नाही, बदली माणूस आला की पुन्हा आपलं तेच.

गाडीची पायरी उंच आहे. खाली ठेवायचा स्टूल आणि दाराला धरायला दांडा आहे म्हणून गुडघे निभावतात. वॉकर घडीचा असेल तरच मावतो.

दुकानात एक तास मिळतो. सुरुवातीला पुरायचा नाही, मग दुकानातल्या रांगांप्रमाणे यादी लिहायला लागली (मी सुचवलं तेव्हा ऐकलं नव्हतं, शेजारच्या सीटवरच्या बाईंनी सांगितलं तेव्हा ऐकलं). थंड सामान सगळ्यात शेवटी उचलायचं, कारण परतीला आमचं घर शेवटचं आणि फ्रीजमधल्या वस्तू २ तासांपेक्षा जास्त बाहेर नकोत, कडक उन्हाळ्यात तर १ तासच. त्यासाठी थर्मल बॅग घेतली. पिशव्या तीनच नेता येतात, पण चाकांची मोठी पिशवीही एकच धरतात, हा शोध अर्थात आईचा.

पाचपैकी साडेतीन देईन. दीड कापला तो फोनसाठी, सकाळी लाईन लागतच नाही आणि रद्द करायचं असेल तरी तोच नंबर, वेळेत नाही कळवलं तर गैरहजर लावतात.

मागच्या आठवड्यात घरात सगळं भरलेलं होतं, म्हटलं आज नको जाऊस. गेलीच. साबणाची एक वडी घेऊन परत, आणि गाडीतल्या कुणाच्या सुनेचं काय काय झालं ते जेवेपर्यंत मला ऐकवत होती. पुढच्या वेळचं नाव स्वतःच फोन करून दिलंय, तिला मात्र लाईन कशी लागते कोण जाणे.