मायक्रोटिक हेक्स, वायरगार्ड आणि ते आठ बाइट: सातारा-सांगली लॅब जोडून काही महिने झाले

माझी आणि सांगलीच्या मित्राची, नेटवर्किंग शिकायला घरी मांडलेली लॅब इंटरनेटवरून जोडायची होती. इंटरनेट कंपनीने स्थिर आयपीसाठी, म्हणजे न बदलणाऱ्या पत्त्यासाठी, दरमहा वेगळे पैसे मागितले तेव्हाच ठरवलं, द्यायचे नाहीत. बिल भरतोय, वर पत्त्याचं भाडं कशाला? कस्टमर केअरची गाडी "सर, प्लॅन अपग्रेड करा" याच्या पुढे सरकेना. राउटरला १००.६४ ने सुरू होणारा पत्ता, म्हणजे सीजीनॅट, एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. बाहेरून आत यायची सोयच नाही. सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या त्या मित्राचंही तेच रडगाणं.

पण आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा थेट पोचता येणारा पत्ता, दोघांकडे फुकट येत होता. मग माझ्या गोडोलीतल्या घरी मायक्रोटिकचा जुना हेक्स राउटर आणि त्याच्याकडे अडगळीतल्या पीसीवर लिनक्स, मध्ये वायरगार्ड हा व्हीपीएनचा बोगदा. दोन्ही घरांतले पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होत होते, म्हणून लॅबला १० ने सुरू होणाऱ्या वेगळ्या रेंज दिल्या. फायरवॉलमध्ये फक्त लॅब उघडी, घरचा टीव्ही आणि मोबाइल बाहेर. इथवर एका संध्याकाळचं काम.

खरा ताप नंतर. पिंग व्यवस्थित, एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन होतं, पण लांबलचक आउटपुट मागवलं की स्क्रीन गोठते. वायरगार्डचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, सहसा १४२० बाइट असतो. बाहेरचा प्रवास जुन्या आयपीव्ही४ वरून असेल तर वर ६० बाइट चढतात, १४८० होतात, पीपीपीओई या आमच्या ब्रॉडबँड जोडणीच्या १४९२ मध्ये आरामात मावतात. आयपीव्ही६ वर चढतात ८०. झाले १५००. आठ बाइट जास्त! पाकिटाचे तुकडे होणार आणि वाटेत कुठेतरी ते गळणार. पिंगची पाकिटं छोटी, त्यामुळे त्यात काहीच दिसत नाही. १४१२ केला आणि सगळं सरळ झालं. पण फक्त माझ्या बाजूला. सांगलीत अजून १४२०, त्यामुळे ओएसपीएफचा (राउटर एकमेकांना वाटा कळवतात ती पद्धत) शेजारी राउटर एक्सस्टार्टला, म्हणजे माहितीची देवाणघेवाण सुरू व्हायच्या पायरीवरच, अडकून बसला. फोनवर दोघांचा आवाज चढला, मग त्यानेही बदलला. ओएसपीएफचा २२४.०.०.५ हा मल्टिकास्ट पत्ता वायरगार्डच्या अलाउड आयपीत (बोगद्यातून जाऊ द्यायच्या पत्त्यांच्या यादीत) टाकायला विसरू नका, नाहीतर राउटरांची ओळख करून देणारं हॅलो पाकीटच पोचत नाही.

सीसीएनए या सिस्कोच्या परीक्षेला सिंगल एरिया ओएसपीएफ लागतोच, आणि समोरचा माणूस न सांगता केबल उपसतो तेव्हा ओएसपीएफ जसा कळतो तसा व्हिडिओ बघून कळत नाही. लॅबमधले बाकीचे राउटर मायक्रोटिकच्या सीएचआरवर, म्हणजे पीसीत चालणाऱ्या आभासी राउटरवर. फुकट लायसन्सला प्रत्येक इंटरफेसवर १ एमबीपीएसची मर्यादा आहे, राउटिंग शिकायला तेवढं पुष्कळ. आता प्रायव्हेट एएस नंबर (नेटवर्कचा ओळख क्रमांक) घेऊन बीजीपी, म्हणजे वेगवेगळ्या नेटवर्कनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत, चाललंय; ६४५१२ ते ६५५३४ हे नंबर कोणाला न विचारता वापरता येतात.

सुरुवातीला मी म्हणत होतो, पत्ता बदलला की हे कोसळणार, शेवटी स्थिर आयपी घ्यावाच लागेल. आता तसं म्हणत नाही. वीज जाऊन आली की माझा आयपीव्ही६ बदलतो, पण दर २५ सेकंदांनी जाणाऱ्या कीपअलाइव्ह या छोट्या पाकिटामुळे सांगलीला नवा पत्ता आपोआप कळतो. दोन्हीकडे एकदमच बदलला तर मात्र हाताने घालावा लागतो. पावसाळ्यात ते होतंच.

हेक्स ८ ते ३० व्होल्ट घेतो, त्यामुळे वायफायच्या १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवरच टाकलाय. वेगळा यूपीएस वाचला. कराडचा एक जण जोडायचा म्हणतोय. त्याला आधी १४१२ लिहून पाठवलंय.